गिरगाव ते माहीम, पाचव्या पानाच्या शोधात

आमच्या इमारतीतले लोक प्रवास करून आले की जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतात. तळमजल्यावरचे काश्मीरला जाऊन आले, तिसऱ्या मजल्यावरचे व्हिएतनामला जाऊन आले, आणि दोघांनीही मला फोनमधले सगळे फोटो दाखवले. मी गिरगावातून माहीमला जाऊन आले. वाटेत प्रभादेवी, मुंबादेवी, लालबाग आणि नायगाव लागलं. मध्ये एकदा घरी झोपायला आले, एवढंच. फोटो एकही काढला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तरीही यंदा आमच्या इमारतीतून जे कोणी कुठे कुठे गेले, त्यांच्यात सगळ्यात लांबचा पल्ला मी गाठला असं माझं ठाम मत आहे, आणि ते का हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

निमित्त लेकीच्या लग्नाचं. मुक्ताचं लग्न दादरच्या एका कार्यालयात ठरलं. पत्रिका हल्ली फोनवरून जाते आणि लोक अंगठा दाखवून मोकळे होतात, पण देवांना आणि वडीलधाऱ्यांना आमच्याकडे अजून घरी जाऊन अक्षत द्यावी लागते. कुंकवात भिजवलेले तांदूळ हातावर ठेवायचे, नारळ द्यायचा, ‘यायचं हं’ म्हणायचं. हे केलं नाही तर माणूस लग्नाला येत नाही, आणि आला तर जेवत नाही.

या फेरीला आमचे हे गाडी चालवणार होते. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना पुन्हा गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं आणि ह्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी विकायला काढली. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मी म्हटलं, विकता कशाला, मी चालवते. हे हसले. माणूस वाईट नाही, पण हसले. लायसन्स माझ्याकडे ह्यांच्याइतकंच जुनं आहे. शाळेत पी.टी. शिकवायला मी इतकी वर्षं स्कूटरवरून गेले. मात्र गाडीत माझी जागा डावीकडे. पत्ता विचारायला काच खाली करायची, बाटलीचं झाकण उघडून द्यायचं. मला ती गाडी हवी होती. कुठे जायचं ते कुणाला न विचारता ठरवायचं होतं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

हे विचारात पडले. ह्यांच्या मते माणसाचं ड्रायव्हिंग कळतं ते गाडीच्या अ‍ॅव्हरेजवरून. वेगाने कोणीही जाईल, कमी पेट्रोलात जाऊन दाखवा, असं त्यांचं तत्त्वज्ञान. आमची गाडी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी आहे आणि तिच्या पडद्यावर एक हिरवं रोपटं दिसतं. सावकाश, समजून चालवली की त्याला पानं फुटतात, धसमुसळेपणा केला की गळतात. प्रवास संपला की किती पानं राहिली ते गाडी दाखवते. जास्तीत जास्त पाच. ह्यांना कायम चार मिळत. पाच कधीच नाही, आणि ते दुःख त्यांनी आम्हा सगळ्यांना वेळोवेळी ऐकवलं आहे.

“अक्षतीची फेरी तू कर,” हे म्हणाले. “चार पानं आणलीस तर गाडी राहिली. नाही आणलीस तर सोमवारी गेली.”

शनिवार: देवांच्या घरी

बरोबर आमच्या वन्सं होत्या. कुमुदवन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण, राहतात पलीकडच्याच गल्लीत. कुणाच्या आधी कुणाला बोलवायचं हे त्यांच्याइतकं आमच्या घराण्यात कुणाला कळत नाही. मांडीवर हळदकुंकवाचा करंडा, पायाशी नारळांची पिशवी आणि चेहऱ्यावर पाणबुडीत बसल्यासारखा भाव घेऊन त्या डावीकडे बसल्या.

गल्लीतल्या गणपतीला चालतच अक्षत देऊन आलो होतो. आता कुलदेवी प्रभादेवी आणि ग्रामदेवता मुंबादेवी. मी दोन्ही नावं नकाशात घातली. आमच्या गाडीचा नकाशा सगळ्यात कमी पेट्रोलचा रस्ता काढून देतो आणि त्यावर एक इवलं पान काढतो. त्याने सांगितलं, आधी मुंबादेवी, मग प्रभादेवी. बरोबरच होतं की. मुंबादेवी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

“कुलदेवी आधी,” वन्सं म्हणाल्या.

“अहो वन्सं, पण इथनं तिथे जाऊन परत इथेच यायचं?”

“देवीला काय सांगशील? पेट्रोल वाचवत होते?”

निघालो. मरीन लाइन्सच्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. ते तसं व्हायचंच असतं, उभ्या गाडीने पेट्रोल जाळू नये म्हणून. मला मुक्ताने सांगितलं होतं. वन्संना कुणी सांगितलं नव्हतं.

“बंद पडली. मी म्हणतच होते.”

“पडली नाही हो, सिग्नलला झोपते ती.”

“मग उठणार कधी?”

सिग्नल सुटला, मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, वन्संनी करंडा छातीशी धरला आणि मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर असा काही दाबला की गाडीने उडी मारली. रोपट्याचं पहिलं पान त्याच क्षणी गळून पडलं.

कोस्टल रोडवर मात्र मजा आली. जे अजून गेले नसतील त्यांनी एकदा जावं. बोगद्यात शिरलो तशी मुंबई गप्प झाली. मी ती पुढच्या गाडीमागून आपोआप जाण्याची सोय चालू केली. एक वेग ठरवून द्यायचा, मग पुढची गाडी हळू झाली की आपलीही हळू होते, तिने वेग घेतला की आपलीही घेते, आणि मधे अंतर राखते. या अंतराचा मुंबईत एक घोटाळा आहे. दोन गाड्यांमध्ये जागा दिसली की ती आपल्यासाठीच ठेवली आहे असं इथल्या माणसाला वाटतं. एक शिरला, आमची गाडी मागे सरली. दुसरा शिरला, ती पुन्हा मागे सरली. मी एरवी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण गाडीला राग येत नव्हता आणि पाय माझा पेडलवर नव्हताच, त्यामुळे मीही बसून राहिले. बोगदा संपून समुद्र उघडा झाला तेव्हा रोपट्यावर तीन पानं होती.

प्रभादेवीला छान दर्शन झालं. ओटी भरली, अक्षत ठेवली. वन्संनी देवीला पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, कार्यालयाच्या पत्त्यासकट. देवीचं देऊळ तिथून फार लांब नाही, पण वन्सं म्हणाल्या की सांगितलेलं बरं.

मग परतीचा रस्ता आणि मुंबादेवीचं भुलेश्वर. तिथे कपड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेली खरेदी आणि मधोमध आमची गाडी. थांबायला तसूभर जागा नाही. वन्सं अक्षत घेऊन देवळाकडे गेल्या आणि मी फेऱ्या मारत राहिले. दाब, थांब, दाब, थांब. मी काच खाली करून पी.टी.च्या आवाजात ओरडले तेव्हा एक हातगाडीवाला सावधान झाला, पण पुढे काही सरकेना. वन्सं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, हातात पेढे होते आणि पडद्यावर दोन पानं उरली होती.

दार ह्यांनीच उघडलं.

“किती?”

“दोन.”

ह्यांनी आत जाऊन स्वतः चहा ठेवला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी चहा प्याले आणि मला खरंच रडू आलं.

मुक्ता जवळ येऊन बसली. “आई, तू गाडीला ऑर्डर देतेस,” ती म्हणाली. “ती काय दाखवते ते बघतच नाहीस. पेडलवरून उचललेल्या पावलाचं चित्र येतं ना? पुढे उतार आहे किंवा पुढची गाडी हळू होतेय असं तिला दिसलं की येतं. तेव्हा फक्त पाय उचल. गाडी स्वतःच्या जोरावर जाते, वर बॅटरी भरते. आणि रस्ता ती सांगेल त्याने जा. देवांचं झालं आता.”

देवांचं झालं होतं, पण माहीमच्या काकींचं राहिलं होतं, म्हणजे फेरी अजून संपली नव्हती.

रविवार: लालबाग

माहीमच्या मोठ्या काकी म्हणजे ह्यांच्या थोरल्या काकांच्या पत्नी. आमच्या घराण्यात आता त्यांच्याहून मोठं कोणी उरलेलं नाही. नव्वदी जवळ आली आहे. माणसांतली पहिली अक्षत त्यांची, यावर वाद नव्हता. दुसरीकडे, लालबागला माझी जुनी मैत्रीण सुहास मयेकर, शाळेत गाणं शिकवायची, तिलाही पत्रिका द्यायची होती. ती नात्यातली नाही. नकाशाने सांगितलं, आधी लालबाग, मग नायगाव-दादरवरून माहीम. मानाने सांगितलं, आधी माहीम, मग उलटं लालबाग.

मी वन्संपुढे सगळं मांडलं. दोन पानं, सोमवारचं गिऱ्हाईक, ह्यांचा चहा. वन्संनी बराच वेळ करंड्याचं झाकण उघडलं-लावलं. भावजयीची बाजू घ्यायची की मानापानाची, या पेचात त्या नव्हत्याच, हे मला नंतर कळलं. त्यांनाही आयुष्यात पहिल्यांदा कुणा बाईने चालवलेल्या गाडीत पुढे बसायला मिळत होतं आणि ते त्यांना आवडलं होतं.

“जाऊया लालबागला,” त्या म्हणाल्या. “पण माहीमला तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काकींना कळलं तर संपलंच.”

निघतानाच पडद्यावर टायरचा पिवळा दिवा लागला. मागच्या चाकात हवा कमी. पंपावर हवा भरून घेतली तशी गाडी हलकी झाली. काल हिला बिचारीला बसक्या चाकाने भुलेश्वरात फिरवलं होतं, त्याचं मला वाईट वाटलं.

भायखळ्याच्या रस्त्याला मी पहिल्यांदा त्या पावलाकडे बघत गाडी चालवली. लांबवर सिग्नल लाल, त्यामुळे पुढची गाडी हळू होतेय. पडद्यावर पाऊल उचललेलं. मी पाय उचलला. गाडी आवाज न करता वाहत राहिली. शेजारून एक टॅक्सीवाला माझ्याकडे दयेने बघत जोरात पुढे गेला आणि त्याच सिग्नलला जाऊन कचकन थांबला. मी सावकाश जाऊन त्याच्या शेजारी थांबले. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही सिग्नलला तेच. मुंबईत माणसं लाल दिव्यावर पोचायची किती घाई करतात, हे मला एवढ्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी त्याच्या शेजारी जाऊन थांबले तेव्हा तो खाली वाकून आमच्या गाडीत डोकावला.

“मावशी, धक्का मारून आणलीत काय?”

“हो,” वन्सं म्हणाल्या. “मी मारतेय आतून.”

लालबागला चाळीच्या जागी आता टॉवर झाला आहे आणि सुहास विसाव्या मजल्यावर राहते. लिफ्टचं दार उघडलं की मसाल्याचा वास येतो. मसाला अजून गल्लीतूनच कुटून आणतात. आमच्याकडे पाहुणा आला की पाणी, मग गोड काहीतरी आणि मग ‘काय काम काढलंत?’ असं विचारायची रीत. सुहासकडे आधी ताट येतं. अकराच्या सुमाराला आमच्यापुढे कोंबडीचा रस्सा, वडे आणि सोलकढी आली.

“अगं, आम्हाला पुढे जायचंय,” मी म्हटलं.

“जा की, विद्या. जेवल्याशिवाय आमच्याकडे कोण जाणा नाय.” सुहास अशा वेळी मालवणीवर येते, म्हणजे मग वाद घालायचा नसतो. वन्सं सोमवार-गुरुवार पाळतात. रविवार होता. त्यांनी वडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि पुढचं जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही. अक्षत द्यायची मला त्यांना आठवण करून द्यावी लागली.

नायगाव

नायगावच्या सिग्नलला इंजिन झोपलं. आता मला त्या शांततेची सवय झाली होती. जुन्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावरून वर चाललेले नवे टॉवर बघत मी बसले होते, एवढ्यात काचेवर टकटक झाली. ट्रॅफिक पोलीस, बाई.

“मॅडम, गाडी बंद पडली का? साइडला घ्या ना प्लीज.” मग ती वाकली, नीट बघितलं आणि एकदम ताठ उभी राहिली. “मॅडम, तुम्ही!”

संगीता जाधव. मुलींच्या खो-खो संघात होती. मी तिला वेणी नीट बांधली नाही म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावायची.

“बंद नाही पडली गं. सिग्नलला आपोआप बंद होते, पेट्रोल वाचतं.”

“काय सांगता मॅडम! इथे सगळे उभ्या उभ्या धूर सोडतात, आमचा घसा बसतो दिवसभर. सगळ्यांना अशी द्या बोलायला पायजे.” मग तिने विचारलं, “स्वतःच चालवता?”

“आता चालवते.”

तिच्या चेहऱ्यावर जे कौतुक आलं ते बघून मी पिशवीत हात घातला आणि एक पत्रिका काढून तिच्या हातावर ठेवली. वन्संनी न सांगता करंडा उघडला आणि काचेतून अक्षतही दिली. सिग्नल सुटल्यावर संगीताने शिट्टी मारून डावीकडची सगळी वाहनं अडवली आणि आम्हाला पुढे काढलं. तेवढ्यापुरती मी मंत्रीण झाले.

“माहीमच्या आधी दोन अक्षती झाल्या,” वन्सं थोड्या वेळाने म्हणाल्या. “एक तर रस्त्यावर.”

दादरचा टिळक पूल चढताना मी जोर लावला नाही, उतरताना पाय उचलला. चौथं पान फुटलं. मी ते बघितलं, वन्संनी बघितलं. गाडी माझी झाली होती.

माहीम

काकींचं घर समुद्राकडच्या रस्त्याला, तळमजल्यावर. त्यांचा मणका गेली दोन वर्षं त्यांना फार वेळ बसू देत नाही. वर्षभर त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. शेवटचं टॅक्सीतून डॉक्टरकडे गेल्या, तेव्हाच्या धक्क्यांनी महिनाभर आडव्या होत्या. सांभाळायला शेवंता नावाची बाई आहे. पण आम्ही येणार म्हणून काकींनी त्या दिवशी खुर्चीत बसून, शेवंताच्या हातून, आपल्या देखरेखीखाली कोलंबीचं भानोलं करवलं होतं. कोबी, कोलंबी, नारळाचं दूध, वरून खरपूस. आमच्या घराण्यात ते आता काकींशिवाय कुणाला तसं जमत नाही.

ताटल्या आल्या. मी पोट आत घेऊन घास घेतला. वन्संनी ताटली बघितली, काकींकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या:

“काकी, जीव जातोय हो, पण जागाच नाही. लालबागला त्या मयेकरणीने वडे असे काही वाढले…”

मग त्या थांबल्या. शेवंताने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“लालबागला जेवून आलात?” काकी म्हणाल्या.

मी ताटली खाली ठेवली.

“म्हणजे अक्षत आधी तिथे दिलीत.”

मी अक्षत घेऊन पुढे झाले. काकींनी हात पदराखाली घेतला. “राहू दे. तसंही मी कुठे येणार होते लग्नाला. माझ्याच्याने गाडीत बसवत नाही. मुक्ताला माझे आशीर्वाद सांग.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

वन्सं रडायला लागल्या. मला मात्र राग आला, आणि तो काकींचा नव्हता. चार पानं घेऊन मी घरी जाणार, गाडी ठेवून घेणार, आणि या बाईचा हात पदराखालीच राहणार. असली गाडी घेऊन करायचं काय?

“काकी,” मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, “चपला घाला.”

“काय?”

“चपला घाला. शिवाजी पार्कला जाऊन येऊ. दुखलं तर तिथल्या तिथे परत फिरवते. शेवंता, उशी घे.”

त्या आवाजाने बऱ्याच मुली पळाल्या आहेत. काकी पळू शकत नव्हत्या, पण उठल्या. आम्ही तिघींनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली. वन्सं आणि शेवंता मागे.

मी निघाले. त्या रस्त्याला किती खड्डे आहेत, कुठे पेव्हर ब्लॉक उचकटलेत, हे मला त्या दिवशी तळपायाला कळलं. पडद्याकडे मी बघत होते ते एकाच कारणासाठी. गाडी सांगत होती, पुढे थांबायचंय, पाय उचल. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच वेग उतरायचा. गाडी सांगत होती, आता हळूहळू दाब. म्हणजे काकींची पाठ सीटवर आपटायची नाही. पेट्रोल वाचवायला गाडी जे जे शिकवत होती, ते सगळं मोडक्या मणक्याला हवं तेच होतं. मला हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

“ब्रेक मारलास का ग?” काकींनी कॅडल रोडवर विचारलं.

“मारला. दुखलं का?”

“कळलं नाही, म्हणून विचारलं.”

समुद्राकडचा वारा आत आला. काकींना उद्यानाचं फाटक दिसलं, व्यायामशाळा दिसली, त्यांच्या लग्नानंतर काका त्यांना कुठल्या बाकावर घेऊन बसत तेही सांगून झालं. मग बोलणं थांबलं. मी वळून बघितलं तर काकी झोपल्या होत्या. मान किंचित कलती, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारख्या.

“बसून झोपल्या,” शेवंता मागून हळूच म्हणाली. “रात्री पाठ टेकवत नाही त्यांना. मी कधी नाही बघितलं असं.”

मग मी थांबलेच नाही. शिवाजी पार्कला फेऱ्या मारत राहिले. पार्कात क्रिकेट चाललं होतं, कट्ट्यावर आजोबा लोकांची संसद भरली होती, आणि त्यातले एकदोन जण आम्ही पुन्हा पुन्हा येतोय हे बघून हात करायला लागले. पेट्रोल वाचवायला निघालेली बाई एका मैदानाभोवती कारणाशिवाय गोल फिरतेय, हे ह्यांनी बघितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं. मागून वन्संनी माझ्या खांद्यावर बोट टोचून पडद्याकडे दाखवलं. पाच पानं होती.

मला ओरडावंसं वाटलं. पण काकी झोपल्या होत्या.

त्यांना जाग आली ती परत त्यांच्या दाराशी गाडी थांबल्यावर, इंजिन बंद होऊन सगळं शांत झालं तेव्हा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. पाठ हलवून बघितली. मग पदराखालचा हात काढून माझ्यापुढे धरला.

“आण अक्षत.”

गाडीतच दिली. वन्संनी मागून पुढे वाकून नारळ दिला आणि उद्या गाडी बघायला गिऱ्हाईक येणार हेही सांगून टाकलं. काकींनी अक्षत मुठीत धरून ठेवली आणि शेवंताला म्हणाल्या, “शरदला फोन लाव.”

शरद म्हणजे आमचे हे. फोन स्पीकरवर होता.

“शरद, उद्या गाडी बघायला कोणी येणार आहे म्हणे. त्याला नाही म्हणून कळव.”

हे गडबडले. “काकी, पण आमचं तसं ठरलंय. पानं किती आली त्यावर…”

“कसली पानं? मी वर्षानंतर बसल्या बसल्या झोपले आज. लग्नाच्या दिवशी सकाळी विद्या मला न्यायला येणार आहे. गाडी नसेल तर मी नाही. मग मुक्ताला आशीर्वाद द्यायला आमच्यातलं कोण उरलंय, ते तू बघ.”

हे म्हणाले, “कळवतो काकी.” आणि थोड्या वेळाने, अगदी न राहवून, “पण किती आली, विद्या?”

“पाच,” मागून वन्सं म्हणाल्या.

शेवंताने भानोल्याचा डबा भरून दिला. माहीमहून गिरगावात आम्ही सूर्य मावळायच्या आत पोचलो. परतीच्या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, आम्ही दोघी मोठ्याने गात होतो एवढंच.

वन्संना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडून मी वळले तर हे खाली फाटकाशी उभे. हातात चावीचा दुसरा जोड. तो त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिला. मला वाटलं वर जातील. पण ते गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे आले, दार उघडलं आणि बसले.

“चौपाटीपर्यंत जाऊन येऊ,” हे म्हणाले. “मला बघायचंय ते पाचवं कसं येतं.”

ह्यांना त्या बाजूचा पट्टा कुठून ओढायचा ते माहीत नव्हतं. उजव्या खांद्यावर शोधत राहिले. मी वाकून तो डावीकडून ओढला, लावून दिला आणि गाडी काढली.